घराच्या खिडक्या व्यावसायिकाकडून साफ करून घेण्याचा खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन घरांतील खिडक्यांची संख्या सारखी असूनही सांगितल्या जाणाऱ्या रकमेत एवढी तफावत का असते?

आपण खर्चाचा विचार करताना काच किती मोठी आहे हे पाहतो, तर काम करणारी व्यक्ती त्या काचेपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल हे पाहते. हाताच्या टप्प्यातील, मोकळी आणि फक्त धुळीने मळलेली काच सराईत हाताला एक-दोन मिनिटांचे काम असते. तेवढीच काच जिन्याच्या वरच्या भिंतीत, उतरत्या छपरापलीकडे किंवा जवळ असलेल्या झाडाच्या फांद्यांमागे असेल, तर ती पुसायला लागणारा वेळ बदलत नाही. पण शिडी आणणे, तिच्यासाठी सपाट आणि घट्ट जागा शोधणे, खालचे सामान बाजूला करणे, चढणे, उतरणे आणि सामान जागच्या जागी ठेवणे यातच बराच वेळ निघून जातो. बिलातला मोठा वाटा बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या कामाचा असतो.

खर्च ठरवणाऱ्या मुख्य बाबी चार आहेत: लागणारा वेळ, काचेपर्यंतची पोहोच, मळाचे स्वरूप आणि कामातील धोका. येण्याजाण्याचा खर्च, साधनांची झीज, विमा आणि दोन कामांमधला रिकामा जाणारा वेळ हेही त्याच रकमेतून भागवावे लागतात. त्यामुळे शेजारच्या घराचे बिल आपल्या घराला लावून पाहण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या घराची पाहणी करून किंवा निदान प्रत्येक बाजूची छायाचित्रे पाहून सांगितलेला आकडाच विचारात घ्यावा.

दर आकारण्याच्या पद्धती कोणत्या आहेत?

प्रति खिडकी, प्रति तावदान, तासाप्रमाणे, काचेच्या क्षेत्रफळाप्रमाणे आणि संपूर्ण घराची एकच ठरीव रक्कम, या पाच पद्धती सर्वसाधारणपणे आढळतात. प्रति खिडकी दर समजायला सोपा असला तरी लहान-लहान चौकोनांच्या जुन्या लाकडी खिडक्या असलेल्या घरात तो कामगारावर अन्याय करतो आणि मोठी अखंड काच असलेल्या घरात ग्राहकावर. प्रति तावदान दर त्या मानाने न्याय्य आहे, कारण प्रत्येक स्वतंत्र काचेला स्वतःच्या चार कडा आणि चार कोपरे असतात, आणि खरा वेळ कडांवर व कोपऱ्यांवर जातो. मधला सपाट भाग वायपरच्या दोन-तीन फटकाऱ्यांत होतो.

तासाचा दर तेव्हाच स्वीकारावा, जेव्हा कामाचा अंदाज खरोखर आधी बांधता येत नाही. उदाहरणार्थ, अनेक वर्षे बंद असलेले घर. अशा वेळी जास्तीत जास्त किती तास लागतील याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी. क्षेत्रफळाचा दर मोठ्या काचेच्या भिंती असलेल्या घरांना सोयीचा पडतो. राहत्या, नेहमीच्या घरासाठी पाहणीनंतर ठरलेली एकच रक्कम मला सर्वांत चांगली वाटते, कारण काम संथ झाले तर त्याचा भार आपल्यावर येत नाही आणि काम लवकर झाले तर काम करणाऱ्याच्या कौशल्याचा फायदा त्यालाच मिळतो.

‘एक खिडकी’ म्हणजे नेमके काय मोजतात?

बहुतेक वाद या एका शब्दावरून होतात. समजा, घरात १२ खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीला २ तावदाने आहेत. एक जण याला १२ खिडक्या म्हणेल, दुसरा २४ तावदाने म्हणेल आणि तिसरा आतली व बाहेरची बाजू वेगवेगळी मोजून ४८ पृष्ठभाग म्हणेल. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ‘नगाला इतके’ या शब्दांचा अर्थ तिघांच्या दृष्टीने चौपटीपर्यंत बदलतो. त्यामुळे दर विचारताना नग म्हणजे काय, एक बाजू की दोन बाजू, आणि सरकत्या खिडकीची प्रत्येक झडप वेगळी मोजणार का, हे तिन्ही प्रश्न एकत्रच विचारावेत.

हाच हिशेब वेळेतही करून पाहता येतो. ४८ पृष्ठभागांना सरासरी २ मिनिटे धरली तर ९६ मिनिटे होतात. १२ चौकटी आणि १२ ट्रॅक (झडपा ज्यातून सरकतात त्या खाचा) यांना मिळून प्रत्येक खिडकीमागे ५ मिनिटे धरली तर आणखी ६० मिनिटे लागतात. साधने मांडणे, आवरणे आणि खोलीतून खोलीत जाणे यांसाठी पाऊण तास धरला, तर एका माणसाचे काम साधारण साडेतीन तासांचे होते. ही आकडेमोड केवळ नमुन्यादाखल आहे. मात्र आपल्या घराची अशी बेरीज एकदा केली की समोर आलेला आकडा वाजवी आहे की नाही याचा अंदाज येतो.

फक्त बाहेरची बाजू साफ करून घेतली तर खर्च निम्मा होतो का?

सहसा तो निम्म्यापर्यंत खाली येत नाही, कारण घरापर्यंत येणे आणि साधने मांडणे हा खर्च दोन्ही प्रकारांत सारखाच राहतो. बाहेरची बाजू जास्त मळते आणि तिथे पोहोचणेही अवघड असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या एकत्र दरात तिचा वाटा मोठा असतो. आतल्या बाजूला मळ कमी असतो, पण तिथे पडदे सरकवणे, फर्निचर हलवणे आणि जमिनीवर पाणी सांडू न देणे यात वेळ जातो. आतली बाजू आपणच पुसणे आणि बाहेरची व्यावसायिकाकडे देणे ही विभागणी अनेक घरांना परवडते.

पहिल्या वेळची सफाई नेहमीच्या सफाईपेक्षा महाग का असते?

पहिल्या वेळी साठलेला मळ काढावा लागतो, तर त्यानंतरच्या वेळी नुकताच बसलेला मळ. कोळिष्टके, चौकटीच्या कोपऱ्यातली घट्ट झालेली माती, पक्ष्यांची विष्ठा, जुना चिकटपट्टीचा गोंद आणि रंगाचे शिंतोडे हे सगळे पहिल्याच फेरीत निघते. पहिल्या सफाईचा दर पुढच्या दरापेक्षा दीडपट किंवा त्याहूनही जास्त सांगितला गेला, तर त्यात लगेच गैर काही समजू नये. पुढच्या फेऱ्यांचा दर किती असेल आणि तो किती अंतराने आल्यास लागू राहील, हे मात्र त्याच बैठकीत ठरवून घ्यावे, नाहीतर प्रत्येक वेळ ‘पहिली वेळ’ ठरते.

उंचीमुळे खर्च एवढा का वाढतो?

उंची वाढली की साधन बदलते, साधनाबरोबर माणसांची संख्या बदलते आणि त्याबरोबर चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमतही बदलते. तळमजल्यावर बादली आणि वायपर पुरतो. पहिल्या मजल्यावर शिडी किंवा लांब दांडा लागतो. त्याहून वर लांब दांड्याचा ब्रश, यांत्रिक उचलमंच किंवा दोरीवरचे काम यांपैकी काहीतरी निवडावे लागते, आणि हे प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा बरेच महाग असते.

टेकवायच्या शिडीचा सर्वमान्य नियम असा आहे की वर ४ भाग उंची असेल तर पाया भिंतीपासून १ भाग दूर असावा; म्हणजे शिडीचा जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन होतो. अंगण उताराचे असेल, फरशी निसरडी असेल किंवा भिंतीलगत फुलझाडांचे वाफे असतील, तर हा कोन साधत नाही. मग शिडी धरायला दुसरा माणूस लागतो आणि मजुरी दुप्पट होते. ही दुप्पट मजुरी वाचवण्यासाठी ‘आम्ही धरतो, तुम्ही चढा’ असे घरातल्यांनी सुचवू नये. शिडी कशी धरावी, ती सरकू लागली तर काय करावे, याचा सराव नसलेला माणूस खाली असणे ही सुरक्षा नव्हे.

दोरीवरच्या कामात प्रत्येक माणसासाठी दोन स्वतंत्र दोर असतात: एकावर तो काम करतो आणि दुसरा, वेगळ्या ठिकाणी बांधलेला, पहिला निकामी झाल्यास त्याला धरून ठेवतो. दोर जिथे बांधायचे ती जागा भार पेलेल याची खात्री आधी करावी लागते. गच्चीवरचा पाण्याचा पाइप, टाकीचा पाय किंवा कठड्याचा गज ही दोर बांधण्याची जागा नाही. एकाच दोरावर, पट्ट्याशिवाय किंवा खिडकीबाहेरच्या छज्जावर उभे राहून कमी पैशांत काम करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला नकार द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याला कदाचित त्या दिवसाच्या मजुरीची निकड असेल, म्हणून तो धोका पत्करायला तयार होतो. पण काम देणारे आपण असतो आणि थांबवण्याचा अधिकारही आपल्याकडे असतो. तेवढ्या खिडक्या आणखी सहा महिने मळक्या राहिल्या तर काहीही बिघडत नाही.

यात एक बाब अनेकदा लक्षात येत नाही. खिडकी आतल्या बाजूला उघडणारी असेल किंवा तिची झडप आत काढून घेता येत असेल, तर वरच्या मजल्यावरची बाहेरची काचही खोलीत उभे राहून साफ होते आणि उंचीसाठी जादा पैसे लागण्याचे कारणच उरत नाही. दर विचारताना खिडकी कोणत्या प्रकारे उघडते हे आवर्जून सांगावे.

लांब दांडा आणि शुद्ध पाणी वापरून केलेली सफाई स्वस्त पडते का?

या पद्धतीत ब्रश लावलेल्या पोकळ, हलक्या दांड्यातून पाणी वर नेले जाते. पाणी आधी गाळण्या आणि आयन (विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण) काढणाऱ्या रेझिनच्या दाण्यांमधून जाते, त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ राहत नाहीत. चांगले व्यावसायिक हे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांहून कमी ठेवतात. साध्या पाण्याचा थेंब वाळला की त्यातले क्षार काचेवर मागे राहतात आणि पांढरा ठिपका दिसतो. शुद्ध पाण्यात मागे राहण्यासारखे काही नसते, म्हणून काच न पुसता तशीच वाळू देता येते.

शिडी लागत नाही, माणूस जमिनीवरच राहतो आणि वेग जास्त असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या काचांसाठी ही पद्धत सहसा स्वस्त आणि अधिक सुरक्षित ठरते. तिच्या मर्यादाही आहेत. घट्ट बसलेला रंग, सिमेंट, जुने क्षारांचे डाग हे ब्रशने निघत नाहीत. जुन्या लाकडी चौकटीच्या फटीत पाणी शिरू शकते. पहिल्या फेरीत चौकटीवरची धूळ ओघळून काचेवर रेघा दिसू शकतात. काच ओली सोडून गेल्याबद्दल या पद्धतीविषयी तक्रार करू नये. ती वाळल्यावर पाहावी.

काचेवरचे पांढरट डाग काढण्यासाठी वेगळे पैसे का लागतात?

क्षारयुक्त पाण्याचे डाग हा धुण्याचा विषय नसून रासायनिक प्रक्रियेचा आहे. बागेतला फवारा, गळका पाइप, कपडे धुतानाचे शिंतोडे किंवा सिमेंटच्या भिंतीवरून ओघळणारे पाणी काचेवर पुन्हापुन्हा वाळत राहिले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थरावर थर चढवतात. ताजा थर सौम्य आम्लाने, अगदी पातळ केलेल्या व्हिनेगरनेही, बऱ्याच अंशी सुटतो. जुन्या थराला अधिक प्रभावी द्रावण आणि घासणे लागते, आणि हे काम खिडकीमागे मिनिटांवरून अर्ध्या तासावर जाऊ शकते. म्हणून ते नेहमीच्या दरात बसत नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे काचच झिजणे. काचेवर पाणी दीर्घकाळ साचून राहिले की काचेतला सोडियम त्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होते आणि तेच काचेचा पृष्ठभाग खाऊ लागते. अशा काचेवर हात फिरवला की ती खरखरीत लागते आणि ओली केल्यावर स्वच्छ दिसली तरी वाळताच पुन्हा धूसर होते. ती सफाईने पूर्ववत होत नाही. सीरियम ऑक्साइडने (काचेला चकाकी देणाऱ्या बारीक पुडीने) घासून चकाकी काही प्रमाणात परत आणता येते, पण ते वेळखाऊ काम आहे आणि जास्त घासल्यास काचेतून पाहताना दृश्य वेडेवाकडे दिसू लागते. अशा वेळी नवी काच बसवण्याचा खर्च विचारून तुलना करावी. साध्या काचेच्या बाबतीत तो अनेकदा कमी निघतो.

डाग काढण्यासाठी कोणते रसायन वापरणार हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तीव्र आम्ले ॲल्युमिनियमची चौकट आणि संगमरवरी उंबरठा कायमचे खराब करतात, आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल असलेली द्रावणे तर काच विरघळवतात व त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करतात. असे द्रावण राहत्या घरात वापरायला मी कोणालाही सांगणार नाही. आधी एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेवर प्रयोग करून दाखवायला सांगावे आणि त्या निकालावरून संपूर्ण कामाचा दर ठरवावा.

नव्या बांधकामानंतर किंवा रंगकामानंतरची सफाई वेगळ्या दराने का होते?

सिमेंट, सिलिकॉन, रंग आणि गोंद पात्याने खरवडून काढावे लागतात, आणि पाते काचेवर चालवणे ही सफाईतली सर्वांत जोखमीची क्रिया आहे. काच भरपूर ओली असावी, पाते नवे असावे आणि ते एकाच दिशेने, पुढेच चालवावे. मागे ओढताना पात्याखाली अडकलेला कण रेघ पाडतो.

कठीण केलेल्या (टफन्ड) काचेच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ती भट्टीतून जाताना रुळांवरचे काचेचे सूक्ष्म कण कधीकधी तिच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. पाते फिरले की ते सुटतात आणि काचेवर बारीक ओरखडे पाडत जातात. यात दोष निर्मितीचा असतो, पण ठपका सफाई करणाऱ्यावर येतो. म्हणून अनेक व्यावसायिक पात्याने काम सुरू करण्यापूर्वी ओरखड्यांची जबाबदारी आपली नसेल असे ग्राहकाकडून लेखी मागतात. माझ्या घरी असाच कागद मी न वाचता सही केला होता आणि बैठकीतल्या मोठ्या काचेवर उन्हात चमकणाऱ्या शेकडो बारीक रेघा उमटल्यावर मला त्याचा अर्थ कळला. आधी एकच काच करून, ती उन्हात तिरकी पाहून, मगच पुढे जायचे असा आग्रह मी धरायला हवा होता. रंगाऱ्याला काचांवर कागद चिकटवायला सांगणे हा या साऱ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चौकटी, ट्रॅक, जाळ्या आणि ग्रील दरात धरलेले असतात का?

चौकट आणि खालची पट्टी ओल्या कापडाने पुसणे बहुधा धरलेले असते. बाकीचे धरलेले नाही असे समजून विचारावे. सरकत्या खिडकीचे ट्रॅक साफ करण्यासाठी आधी कोरडी माती ब्रशने व निर्वात यंत्राने काढावी लागते, कारण पाणी आधी घातले तर तिचा चिखल होतो आणि पाणी वाहून जाण्याची भोके बुजतात. डासांची जाळी काढून, धुऊन, वाळवून परत बसवणे हे तर खिडकीइतकेच काम आहे. बाहेरून पक्के ग्रील असेल, तर काचेपर्यंत हात गजांमधून घालावा लागतो, मोठा वायपर चालत नाही आणि वेळ सहज दुप्पट होतो. छायाचित्र पाठवताना ग्रील दिसेल असे पाठवावे, नाहीतर प्रत्यक्ष आल्यावर आकडा बदलतो आणि दोन्ही बाजूंना वाईट वाटते.

फक्त दोन-तीन खिडक्या असतील तर?

किमान शुल्क लागते आणि ते रास्त आहे, कारण येण्याजाण्याचा खर्च खिडक्यांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही. शेजाऱ्यांबरोबर एकाच दिवशी काम ठरवले तर हे शुल्क वाटून घेता येते.

किती दिवसांनी सफाई करून घेणे खर्चाच्या दृष्टीने योग्य ठरते?

सर्वसाधारण घराला वर्षातून दोन वेळा बाहेरची आणि एक वेळा आतली सफाई पुरते. समुद्राजवळ हवेतले मीठ काचेवर बसते, वर्दळीच्या रस्त्यालगत धूर आणि चाकांची धूळ चिकटते, झाडाखाली चीक आणि पराग पडतात. अशा ठिकाणी अंतर कमी ठेवावे. ठरावीक अंतराने येणाऱ्यांचा प्रत्येक फेरीचा दर कमी असतो, पण वर्षाची एकूण बेरीज करून पाहावी. दोन महिन्यांनी येणारा स्वस्त माणूस वर्षातून सहा वेळा येतो, आणि तेवढी गरज नसेल तर वर्षातून दोन वेळा येणारा महागडा माणूस परवडतो. क्षारांचे डाग पडत असतील तर मात्र वाट पाहू नये, कारण तिथे उशिरामुळे काचच जाते.

नुकसान झाले तर भरपाई कोण देते?

तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे ग्राहकाच्या किंवा इतरांच्या, नुकसानीचा विमा असलेला व्यावसायिक थोडा महाग पडतो. विम्याचा कागद पाहायला मागताना संकोच करू नये, आणि पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात: तो आजच्या तारखेला चालू आहे का, आणि ज्या उंचीवर काम होणार आहे ती त्यात धरली आहे का. ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चालू आहे, म्हणजे काच, तिचेच नुकसान काही विम्यांतून वगळलेले असते, तेही विचारावे. काम सुरू होण्यापूर्वी आधीचे तडे, टवके आणि ओरखडे दोघांनी मिळून पाहून त्यांची छायाचित्रे काढली, तर नंतर एकमेकांवर संशय घेण्याची वेळ येत नाही.

सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम द्यावे का?

दर कमी असण्याची चांगली कारणेही असतात. तो त्याच भागात दुसऱ्या कामासाठी येणार असेल, नुकताच व्यवसायात उतरला असेल किंवा एकटाच काम करत असल्याने त्याचा वरखर्च कमी असेल. पण दर इतरांच्या निम्म्याहून कमी असेल, तर काय वगळले आहे हे विचारलेच पाहिजे: आतली बाजू, कडा पुसणे, ट्रॅक, विमा की दुसरा माणूस? घासाघीस कामाच्या व्याप्तीवर करावी. जाळ्या आम्ही धुतो, आतली बाजू आम्ही पुसतो, मग बाहेरच्या काचांचे किती होतील, असे विचारल्यास रक्कम खरोखर कमी होते आणि कोणाच्या कष्टाची किंवा जिवाची किंमतही कमी होत नाही.

खर्च कमी करण्यासाठी घरातल्यांनी काय तयारी करावी?

खिडक्यांसमोरची जागा मोकळी करावी, पडदे काढावेत, जाळ्या आधीच उतरवून धुऊन ठेवाव्यात आणि बाहेरचा नळ चालू आहे ना हे पाहावे. कुत्रा असल्यास बांधून ठेवावा. ज्या काचांवर उन्हापासून बचावाची फिल्म लावली आहे त्या दाखवाव्यात, कारण अमोनिया असलेल्या द्रावणाने काही रंगीत फिल्म खराब होतात आणि पाते तर तिथे अजिबात चालवायचे नसते. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असलेली, स्वतः साफ होणारी काच २००१ पासून घरांसाठी मिळू लागली आहे. तीही आधी सांगावी, तिला घासणी किंवा पाते लावू नये. तिच्यावर ऊन आणि पाऊस पोहोचत असतील तर तिला सफाई क्वचितच लागते.

हे काम स्वतःच केले तर किती बचत होते?

जमिनीवरून आणि खोलीच्या आतून पोहोचता येणाऱ्या काचांच्या बाबतीत जवळजवळ संपूर्ण मजुरी वाचते. साधने थोडीच लागतात: चांगल्या रबराचा वायपर, पाणी लावायचा कापडी बोळा, दोन मायक्रोफायबर फडकी, बादली आणि भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब. आज व्यावसायिक जो एकेरी रबरी पात्याचा वायपर वापरतात, त्याचे पेटंट एत्तोरे स्टेकोने यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत घेतले आणि त्याची मूळ रचना आजही तशीच आहे. रेघा उमटण्याचे कारण बहुतेक वेळा साबण जास्त असणे, रबर झिजलेले असणे किंवा काच उन्हाने तापलेली असणे हे असते. सावलीत, वरून खाली काम करावे आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर रबर पुसावे.

पहिल्या मजल्याच्या बाहेरच्या काचांपाशी मात्र थांबावे. वर्षातून दोन वेळा शिडीवर चढणाऱ्याला रोज चढणाऱ्याचा तोल कधीच येत नाही.

काम झाल्यावर लगेच पाऊस आला तर पैसे वाया जातात का?

नाही. पावसाचे पाणी तुलनेने शुद्ध असते. काच मळते ती तिच्यावर आधीच बसलेल्या धुळीमुळे आणि छज्जावरून ओघळणाऱ्या घाणीमुळे. सोसाट्याचा वारा असेल तर मात्र काम पुढे ढकलावे, आणि त्याबद्दल जादा आकार लागणार नाही हे आधी ठरवावे.

दुहेरी काचेच्या आत धूसरपणा आहे. तो सफाईच्या दरात निघेल का?

दोन काचांच्या मधल्या पोकळीत बाष्प दिसत असेल, तर कडेचे सील निकामी झालेले असते आणि आतले आर्द्रता शोषणारे द्रव्य भरून गेलेले असते. कितीही चांगली सफाई केली तरी तिथे हात पोहोचत नाही. तो सुटा काचेचा संच बदलावा लागतो. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे दोन्ही बाजूंनी काच पुसून पाहणे. डाग कोणत्याच बाजूने हलला नाही तर तो आतला आहे.

पैसे कधी द्यावेत आणि काम कसे तपासावे?

लहान कामाला आगाऊ रक्कम द्यावी लागू नये. उचलमंच किंवा दोरीची व्यवस्था भाड्याने आणावी लागत असेल, तर काही भाग आधी मागणे रास्त आहे. लेखी अंदाजात किती तावदाने, कोणत्या बाजू, ट्रॅक व जाळ्या आहेत की नाहीत, डागांचे काम वेगळे की एकत्र आणि कर धरलेला आहे का, एवढे तरी असावे. काम संपल्यावर माणूस घरात असतानाच प्रत्येक खोलीत जाऊन काच समोरून न पाहता तिरकी पाहावी, कारण रेघा आणि राहिलेला फेस तिरप्या उजेडातच दिसतो. खालचे दोन कोपरे आणि वरची कड बोटाने तपासावी. काही राहिले असेल तर तेव्हाच दाखवावे. बहुतेक जण तिथल्या तिथे पुसून देतात. त्यानंतर ठरलेली रक्कम त्याच वेळी, पूर्ण द्यावी, कारण या व्यवसायातल्या एकट्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणे म्हणजे आणखी एक फेरी त्याच्या खर्चाने मारायला लावणे होय.